दुरुस्त औष्णिक कॅमेरा आणि पडद्यावरील मुंग्या

(अयोध्या नगर, भोपाळ येथे मराठी भाषिक तंत्रज्ञांपुढे केलेले भाषण)



आपली ही वसाहत भेलच्या परिसरालगत आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या या कारखान्याने देशाला रोहित्रे व जलविद्युत टर्बाइने दिली. रोहित्राचा एखादा सांधा सैल झाला की तो तापतो. डोळ्यांना मात्र ते दिसत नाही. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधलेल्या अवरक्त किरणांच्या साहाय्याने औष्णिक कॅमेरा ती उष्णता दाखवितो. म्हणूनच दुरुस्त होऊन आलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर मुंग्या दिसू लागल्या, तर तो प्रश्न केवळ चित्राच्या शोभेचा राहत नाही. मुंग्यांच्या गर्दीत तापलेला सांधा हरवू शकतो, आणि नसलेल्या दोषापायी वीजपुरवठा विनाकारण बंद ठेवावा लागतो.

प्रथम कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. तो थंड असता चित्र स्थिर नसते. मग एकसारख्या तापमानाची भिंत पाहावी. समोर तापमानाचा फरकच नसेल, तर स्वयंचलित योजना अल्पसा फरकही ताणून दाखविते व निरोगी कॅमेराही सदोष भासतो. यास्तव तापमानाची मर्यादा हाताने ठरवून घ्यावी.

यानंतर कॅमेरा हळूहळू फिरवावा. ठिपके अथवा उभ्या रेघा पडद्यावर त्याच जागी राहिल्या, तर दोष संवेदकाच्या समीकरणात आहे. ठिपके क्षणोक्षणी बदलत असतील, तर वीजपुरवठा, सैल फीत-तार वा जोडणी तपासावी. सारेच चित्र फिके व खरखरीत असेल, तर भिंगाकडे पाहावे. हे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते. साध्या काचेतून हे किरण पार होत नाहीत.

बहुतेक कॅमेऱ्यांत एक छोटी झडप अधूनमधून ‘टक्’ असा आवाज करून संवेदकापुढे येते. तिच्या एकसमान पृष्ठाशी ताडून प्रत्येक बिंदूचा शून्यांक सुधारला जातो. आवाज येत नसेल, तर झडप अडकली आहे किंवा तिची तार जोडावयाची राहिली आहे. परंतु बिंदूबिंदूंच्या संवेदनक्षमतेतील तफावत झडपेने भरून निघत नाही. तिचे तक्ते स्मृतीत साठविलेले असतात. संवेदक बदलला आणि तक्ते जुनेच राहिले, तर नव्या अंगावर जुने माप चढविल्यासारखे होते. अशा वेळी ज्ञात तापमानाच्या दोन कृष्णपिंडांसमोर ठेवून अंशांकन नव्याने करणे, हाच उपाय होय.

शेवटी एक सूचना. मुंग्या नाहीशा झाल्या म्हणजे मापन अचूक झाले, असे नव्हे. चित्र पुसट करून ठिपके लपविता येतात. लहानसा तप्त बिंदूही त्याबरोबर लपतो. म्हणून कृष्णपिंडावरील नोंद लेखी घेतल्याखेरीज कॅमेरा उपकेंद्रात नेऊ नये. चकचकीत धातू परावर्तनाने फसवितो, तेव्हा समान भारावरील तिन्ही फेजचे सांधे परस्परांशी ताडून पाहावेत. त्या मापावर लाइनवर चढणाऱ्या माणसाचा जीव विसंबून असतो, याचे स्मरण असावे.