लहान मुलाची रोजची सुई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या सभेत कुणी पाककृती सांगते, कुणी भरतकामाविषयी बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुमच्या धाकटीला रोज इंजेक्शन द्यावे लागते. ते घरच्या घरी कसे निभावता, तेवढे सर्वांना सांगा." हा विषय सभेत बोलण्याजोगा आहे का, अशी मला शंका आली होती. पण आजार झाकून ठेवल्याने तो कमी होत नाही. कमी होते ती आजूबाजूच्या माणसांची माहिती. आणि लहान मुलाच्या बाबतीत ती माहिती कधी जीव वाचवण्याच्या कामी येते. म्हणून उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा डॉक्टरांनी जे समजावले आणि गेली पाच वर्षे या हातांनी जे केले, तेवढेच सांगेन.

माझी धाकटी चार वर्षांची असताना तिला मधुमेह असल्याचे निघाले. आता ती नऊ वर्षांची आहे. हा मधुमेह आपल्या आजी-आजोबांना होतो त्यातला नव्हे. आपल्या पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यात इन्सुलिन हा अंतःस्राव तयार होतो, म्हणजे ज्याला डॉक्टर हार्मोन म्हणतात तो. जेवणातली साखर रक्तातून पेशींत पोचवण्याचे काम तो करतो. काही मुलांच्या बाबतीत शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकून या इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. गोड खाण्याने हे होत नाही. दृष्ट लागून होत नाही. आईच्या डोहाळ्यांनी होत नाही. एकाचे दुसऱ्याला लागतही नाही.

याची लक्षणे प्रत्येक आईने ध्यानात ठेवावी अशी आहेत. मूल सारखे पाणी मागते, सारखे लघवीला जाते, अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ओले करू लागते, भरपूर खाऊनही वाळते आणि मलूल दिसते. असे दिसले तर "उन्हाळा बाधला असेल" म्हणून थांबू नये, त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी. उशीर झाला तर ओकाऱ्या होतात, श्वास जोरजोरात चालतो, मूल बेशुद्ध पडते आणि दगावूही शकते.

पुष्कळजणी विचारतात, गोळी का देत नाही? इन्सुलिन पोटात गेले की अन्नासारखे पचून जाते, रक्तात पोचतच नाही. म्हणून सुईच लागते. ही सुई आली त्याला शंभर वर्षे होऊन गेली. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले, आणि १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम दिले गेले. त्यापूर्वी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणे, एवढाच काय तो उपाय होता. त्या संशोधकांनी आपले हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. मी देवापुढे दिवा लावते तेव्हा त्या परक्या देशातल्या माणसांचीही मला आठवण होते.

आता सुईविषयी. आमच्याकडे दिवसाला चार सुया: तीन जेवणाआधी आणि एक रात्री. म्हणजे वर्षाला १४६० झाल्या. शिवाय साखर तपासण्यासाठी बोट टोचायचे ते वेगळेच. मोठ्या माणसाला समजावता येते. चार वर्षांच्या पोरीला काय समजवावे? तिला एवढेच दिसते की, जिच्या कुशीत शिरायचे तीच आई हातात सुई घेऊन येते.

पहिली गोष्ट म्हणजे मुलाशी खोटे बोलू नये. "मुळीच दुखणार नाही" म्हणून टोचले, तर दुसऱ्या दिवशी आपल्या कोणत्याच शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. मी म्हणते, "जरा टोचेल, मुंगी चावल्यासारखे, आणि दहा आकडे मोजेपर्यंत संपेल." झोपेत गुपचूप टोचू नये, मग मूल झोपायलाच भिते. आणि "गप्प बस, नाहीतर सुई देईन" हा धाक तर कुठल्याच घरात घालू नये. सुई हे औषध आहे, ती शिक्षा होता कामा नये.

दुसरी गोष्ट, जागा आणि वेळ ठरलेली असावी. आमच्याकडे खिडकीजवळचा पाट ठरला आहे. बिछान्यावर किंवा खेळाच्या जागी सुई द्यायची नाही, म्हणजे तेवढ्या जागा तरी मुलाला निर्धास्त राहतात. सगळी तयारी त्याच्या पाठीमागे करावी आणि मग हाक मारावी. सुई दाखवत समजूत घालत बसले की भीती वाढतच जाते.

तिसरी गोष्ट, मुलाला थोडी निवड द्यावी. "सुई घ्यायची का?" हा प्रश्न विचारायचा नसतो, कारण 'नको' या उत्तराला तिथे जागाच नाही. पण "उजवी मांडी की डावी? आई देईल की बाबा? आकडे तू मोजशील की मी?" हे विचारावे. एवढ्यानेही मुलाला वाटते की, माझ्या अंगावर थोडी माझीही सत्ता आहे. लहान मुलाला आडवे पाडून चौघांनी दाबून धरू नये. मांडीवर उभे बसवून छातीशी घट्ट धरावे. त्यात बंधनही होते आणि मायाही. टोचण्याच्या क्षणी भिरभिरे फुंकायला द्यावे किंवा साबणाचे फुगे सोडायला सांगावे. फुंकर लांब सोडली की अंग सैल पडते आणि दुखणे कमी जाणवते. टोचण्याआधी त्या जागी बर्फाचा खडा क्षणभर फिरवला तरी उपयोग होतो.

बाहुलीचाही फार आधार झाला. धाकटी आपल्या बाहुलीला बिनसुईची रिकामी सिरिंज लावून म्हणायची, "रडू नको हं, आता झालंच." तिच्या मनात काय चालले आहे, ते मला त्या खेळातून कळायचे. सुई झाल्यावर शाबासकी द्यावी, पण न रडल्याबद्दल नव्हे. रडायची मुभा असावी. "हात हलवला नाहीस, शाबास," असे नेमके सांगावे. बक्षीस म्हणून खाऊ देऊ नये. एक टिकली वहीत चिकटवली तरी मूल खूश होते.

आता हाताच्या कामातल्या काही खुणा. पोट, मांड्या, दंडाची बाहेरची बाजू आणि कुल्ले या इन्सुलिनच्या जागा. पोटावर देताना बेंबीपासून दोन बोटे सोडावी. रोज जागा बदलावी. एकाच ठिकाणी दिल्याने तिथे गाठ धरते. गाठीवर दुखत नाही म्हणून मूल तीच जागा मागते, पण तिथून औषध नीट भिनत नाही आणि साखर वरखाली होते. फ्रीजमधून काढल्याबरोबर गार औषध देऊ नये, त्याने जास्त झोंबते. स्पिरिट लावले तर ते सुकू द्यावे. मुलांसाठी चार मिलिमीटरची आखूड सुई मिळते, ती बरी. पेनने दिले तर बटण दाबून दहा आकडे होईपर्यंत सुई आत ठेवावी.

बाटली वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जिवापाड सांभाळावी. आपल्याकडे ४० युनिटची बाटली मिळते आणि १०० युनिटचीही. प्रत्येकीची सिरिंज वेगळी: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर औषध अडीच पट जास्त जाते किंवा फार कमी पडते. दुकानातून आणताना आकडा वाचूनच घ्यावा. न उघडलेले औषध फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात मात्र कधी नाही. गोठलेले औषध टाकून द्यावे लागते. फ्रीज नसेल तर मातीच्या ओल्या मडक्यात, औषध भिजणार नाही असे, ठेवतात. आणि वापरलेल्या सुया केरात टाकू नयेत. त्या जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत जमवून मी दवाखान्यात नेऊन देते. आपला केर उचलणारीही कुणाची तरी आईच असते.

औषध देणे जसे शिकावे लागते, तसे साखर उतरली तर ओळखणेही शिकावे लागते. जेवण कमी झाले किंवा खेळ जास्त झाला तर साखर ७० च्या खाली जाते. मुलाला घाम सुटतो, हात थरथरतात, चेहरा उतरतो, एकदम चिडचिड होते किंवा ते गप्प बसते. अशा वेळी ताबडतोब ग्लुकोज किंवा पाण्यात विरघळवलेली साखर द्यावी. पंधरा किलोच्या मुलाला सपाट चहाचा चमचाभर, मोठ्याला त्या मानाने जास्त. लाडू, पेढा, चॉकलेट नको. त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, कुशीवर वळवून तडक दवाखाना गाठावा.

गेल्या श्रावणात धाकटी शेजारच्या ओट्यावर लंगडी खेळत होती. खेळता खेळता ती घामाघूम होऊन भिंतीला टेकली. मी बाजारात गेले होते. शेजारच्या काकूंना मी हे सारे पूर्वीच सांगून ठेवले होते. त्यांनी हाकाटी केली नाही. वाटीत साखरपाणी करून पाजले, जवळ बसवून घेतले आणि निरोप पाठवला. मी येईपर्यंत पोरगी हसत होती. त्या काकू आज समोर बसल्या आहेत. त्यांचे ऋण मी या सभेत मान्य करते.

पण सगळेच अनुभव असे नाहीत. एकाने मला सांगितले होते, "इंजेक्शन बंद करा, माझी पुडी तीन महिने द्या, मूळच उपटून टाकतो." मी हात जोडून परत आले. भगिनींनो, या आजारात इन्सुलिन बंद करणे म्हणजे मुलाचा श्वास बंद करणे. ताप असो, उपास असो, ओकाऱ्या होत असोत, मात्रा किती ते डॉक्टरांना विचारावे, पण आपल्या मनाने बंद करू नये.

आणि एका समारंभात पोरीच्या देखत कुणी म्हणाले, "पूर्वजन्मीचे भोग, दुसरे काय!" त्या रात्री सुई घेताना ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "आई, मागच्या जन्मी मी काय केलं होतं?" सुई टोचताना माझा हात कधी थरथरला नव्हता, तो त्या रात्री थरथरला. मी तिला सांगितले, "बाळ, तू काही केलं नाहीस. तुझ्या पोटातला एक छोटा कारखाना बंद पडला आहे. त्याचं काम आपण दोघी हाताने करतो." तिने विचार करून म्हटले, "म्हणजे मी कामावर जाते." तेव्हापासून सुईच्या वेळी ती "कामाची वेळ झाली" असे म्हणते.

ती आता स्वतः बोट टोचते, कधी सुईही टोचून घेते. पण मात्रा मी पाहते. मूल हुशार झाले म्हणून सारा भार त्याच्यावर टाकू नये. आईनेही एकटीने वाहू नये. वडिलांनी, आजीने, थोरल्या भावंडांनी शिकून घ्यावे. थोरल्यालाही अधूनमधून एकट्याला जवळ घ्यावे, नाहीतर त्याला वाटते की घरात आजारी पडल्याशिवाय लाड होत नाहीत. शाळेतल्या बाईंना लेखी कळवावे. २०१७ साली केंद्रीय माध्यमिक मंडळाने दहावी-बारावीच्या मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत खाऊ जवळ ठेवण्याची परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क आयोगानेही २०२३ साली अशा मुलांची शाळेत काळजी घेण्याविषयी लिहिले. तेव्हा वर्गात डबा खाऊ द्या, हे मागणे भीक नव्हे.

शेवटी मंडळाला माझ्या तीन विनंत्या आहेत. अशा मुलाला 'बिचारे' म्हणू नका. त्याला तुमच्या मुलांच्या खेळातून आणि वाढदिवसातून वगळू नका; खायला काय द्यायचे ते त्याच्या आईला विचारा, म्हणजे ती औषधाचा मेळ घालील. संक्रांतीचा तिळगूळ धाकटीही खाते, मोजून खाते. आणि मुलगी असेल तर "हिचे लग्न कसे होणार?" हा घोर आईपुढे काढू नका. औषध नेमाने घेतले तर ही मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. काळजी घेऊन मुली आईही होतात.

आपल्यापैकी कुणाच्या माहेरी, सासरी, नात्यात असे मूल असेल तर त्या आईला माझ्याकडे खुशाल पाठवा. डॉक्टरांचे काम मी करू शकत नाही. पण पहिली सुई देताना तिच्या शेजारी बसून दहापर्यंत आकडे मोजीन.