पाचटाचा धूर आणि हवेचं पासबुक

ऊस तुटून गेला की आपल्याकडं चार दिवसांत पाचटाला काडी लागते. रात्री रान लाल दिसतं आणि सकाळी दोरीवरच्या धुण्यावर काळी राख पडलेली असते. गटाच्या बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, हा धूर जातो तरी कुठं? आज तेच सांगायला आलोय.

आपल्या गटाचं पासबुक आठवा. जमा जास्त, खर्च कमी, की शिल्लक वाढते. हवेचंही तसंच आहे. ऊस वाढताना पानांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो. पाचट कुजलं किंवा जळलं की तो परत हवेत जातो. ही झाली उसनवारी. पण दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल हा जमिनीत कोट्यवधी वर्षं पुरलेला ठेवा. माणसानं तो गेल्या दोन-अडीचशे वर्षांत उकरून जाळायला घेतला. आपली मोटर चालते ती वीजही बरीचशी कोळशावरच होते. या धुरातला जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड समुद्र, झाडं आणि माती घेतात. उरलेला हवेत साठतो. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता. १९५८ साली ३१५ झाला, आता ४२० च्या वर गेलाय. हा वायू जमिनीची उष्णता बाहेर निसटू देत नाही.

तेव्हा आमच्यातल्या एका जाऊबाईंनी विचारलं, "पाचट तर उसनंच आहे, मग जाळलं तर काय बिघडलं?"

प्रश्न बरोबर होता. पण पाचट धुमसत जळतं, तेव्हा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २७० पट उष्णता धरतो. शिवाय एकरी तीन-चार टन पाचट निघतं आणि टनामागं चार-पाच किलो नत्र असतं. जाळलं की ते बहुतेक उडून जातं. मग आपण पैसे देऊन युरिया आणतो. तो बनतो नैसर्गिक वायूपासून, म्हणजे पुन्हा जमिनीतलाच ठेवा. आणि पिकाला लागतो त्याहून जास्त टाकला की मातीतूनही नायट्रस ऑक्साइड सुटतो. एका काडीनं किती खाती बिघडतात बघा!

आमच्या गटातल्या दोघींनी खोडव्याचे दहा-दहा गुंठे न जाळता राखले. घरात बोलणी खाल्ली. "उंदीर होतील, सरीत पाणी तुंबेल." पण बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबलं. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणं टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी दिलं. हा थोडा युरिया कुजवणाऱ्या जिवाणूंसाठी. पहिल्या पाण्याला खरंच त्रास झाला, सरीत फिरून पाचट दाबावं लागलं. पण पुढं ओल टिकली, पाण्याची पाळी लांबली आणि तण कमी आलं. खुरपणी कुणाच्या वाट्याला असते, ते तुम्हांला सांगायला नको.

आपल्या पाचटानं जगाचं हवामान बिघडलं, असं आम्ही म्हणत नाही. मोठा वाटा कोळशावरच्या वीज केंद्रांचा, कारखान्यांचा आणि गाड्यांचा आहे. पण भोगायची वेळ आली की ती आपल्या दारात येते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुराला कारणं अनेक असतात. पण हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते आणि पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो. त्या वेळी जनावरं सोडून, लेकरं कडेवर घेऊन शाळेत राहायला आपणच गेलो होतो.

म्हणून सयांनो, यंदा तोड झाली की काडी लागायच्या आत घरात विषय काढा. सगळं रान नको, दहा गुंठे मागून घ्या. खताचा आणि खुरपणीचा खर्च गटाच्या वहीत लिहून ठेवा. वर्षानं जळलेलं रान आणि राखलेलं रान शेजारी ठेवून हिशेब करू.