रात्रीचें जेवण आणि सकाळची साखर

सकाळचे सहा वाजलेले असतात. घरांतील वडील गृहस्थ बोटास सुई टोंचून रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीस लावतात आणि आंकडा येतो १५८. डॉक्टरांनीं १३० च्या आंत राहण्यास सांगितलेलें; शिवाय आदल्या रात्रीं भात, पोळी सर्व वर्ज्य करून, गोळी घेऊन, नुसत्या ताकावर ते निजलेले! पत्नी विचारतात, "मग ही साखर आली तरी कोठून?"

प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र स्वयंपाकघरांत नसून बऱ्याच अंशीं यकृतांत आहे. मनुष्य निजला तरी मेंदूस अखंड साखर लागते, आणि ती पुरविण्याचें काम रात्रभर यकृत करीत असतें. सांठविलेली साखर तें थोडथोडी रक्तांत सोडतें, कांहीं नवीनही तयार करतें. पहाटे कॉर्टिसोलसारखे अंतःस्राव वाढून देहास जागृतीसाठीं सिद्ध करतात. त्यांच्या प्रेरणेनें यकृत अधिकच उदार होतें. निरोगी माणसाचें इन्शुलिन या औदार्यास आवर घालतें. मधुमेह्याच्या शरीरांत तें अपुरें पडतें, किंवा असूनही त्याचें कोणी ऐकत नाहीं. म्हणून अन्नाचा कण पोटांत न जातांही साखर चढते.

यावरून रात्रीचें जेवण अगदींच निर्दोष ठरतें असें नव्हे. तेंच अन्न रात्रीं उशिरां घेतल्यास साखर अधिक चढते. तळलेले पदार्थ पोटांत रेंगाळून ती उत्तररात्रीपर्यंत चढती ठेवतात. लोकलगाडीनें नऊ वाजतां घरीं पोंचणाऱ्यास सात वाजतां जेवा म्हणून सांगणें सोपें आहे! त्यानें निदान भात कमी, भाजी व वरण अधिक घ्यावें आणि जेवून लगेच आडवें होऊं नये. न्यूझीलंडमधील डनीडिन येथें ४१ मधुमेह्यांवर झालेला एक प्रयोग २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. दिवसांतून एकदां ३० मिनिटें चालण्यापेक्षां प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटें चालल्यानें जेवणानंतरची साखर सरासरीनें १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपली शतपावली ती हीच. फक्त पावलें शंभर नव्हेत, हजारभर हवीत.

खरा धोका आहे तो उपाशी निजण्यांत. इन्शुलिन टोंचून घेणाऱ्यांची किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर अशा रात्रीं ७० च्या खालीं घसरूं शकते. घाम सुटतो, वाईट स्वप्नें पडतात, सकाळीं डोकें जड होतें. झोपेंतल्या माणसास त्याचें कारण उमगत नाहीं. क्वचित् शुद्धही हरपते.

तेव्हां त्या गृहस्थांनीं डॉक्टरांस विचारून दोनतीन रात्रीं निजतांना, पहाटे तीन वाजतां व उठल्यावर साखर मोजावी. तीन वाजतां ती फार खालीं आढळल्यास औषधाची मात्रा त्या जेवणास जड जात आहे. तेव्हां ठीक असून पुढें चढल्यास तें यकृताचें पहाटेचें काम. निजतांनाच चढलेली असून तशीच राहिल्यास जेवण तरी पाहावें, नाहीं तर औषध अपुरें आहे. आंकडे वहींत टिपून डॉक्टरांपुढें ठेवावे, गोळी आपल्या हातानें कमीजास्त करूं नये. आणि आज रात्रीं पत्नीनें ताकाबरोबर एक भाकरी व पालेभाजी वाढली, तर ताट मागें सारूं नये.