तुळशीचं लगन
(अमडापूर इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)

मित्रांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या मायबहिणींनो, जरा पुढं सरका. बोलणं तुमच्याबद्दलच आहे.

कार्तिकी एकादशी झाली की पौर्णिमेपर्यंत घरोघरी 'तुयशीचं लगन'. वृंदावनाला गेरू, भोवती ऊस, बोरं-चिंचा-आवळे, अंतरपाट, मंगलाष्टकं. नवरी झाड, नवरा शाळिग्राम नाहीतर बाळकृष्ण. ज्याला लेक नाही त्यालाही कन्यादानाचं पुण्य. मजा असते, कबूल.

पण ही नवरी कोण? शिवपुराण, पद्मपुराण उघडा. जालंधराची बायको वृंदा. ती पतिव्रता आहे तोवर नवरा मरत नाही. म्हणून विष्णू नवऱ्याचं रूप घेऊन तिच्या बिछान्यात शिरला. नवरा तिकडं रणात मारला गेला. कळल्यावर तिनं शाप दिला, स्वतःला जाळून घेतलं. देवीभागवतात नावं निराळी, शंखचूड आणि तुळशी, फसवणूक हीच. तिथं तर ती त्याला 'दगड हो' म्हणते. तो दगड म्हणजेच शाळिग्राम! आणि दरसाल तिचं लगन लावायचं ते त्याच दगडाशी.

लोक म्हणतात, देवानं तिला मान दिला. मान कसला? ही गावकीची तडजोड. झालं ते झालं, लावून टाका. गुन्हेगार जावई झाला. वर ह्या लग्नानंतरच माणसांचे मुहूर्त निघतात.

पुराण जुनं झालं म्हणता? २०१५ साली मदनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, बलात्कारात तडजोड नाही, लग्नाचीही नाही. आणि मार्च २०२१ मध्ये त्याच न्यायालयात, महाराष्ट्रातल्याच खटल्यात, शाळकरी मुलीवरच्या बलात्काराच्या आरोपीला विचारणा झाली : लग्न करणार का? बोलण्याचा विपर्यास झाला, असं सरन्यायाधीश पुढं म्हणाले. असेल. पण हा प्रश्न जिभेवर इतका सहज येतो कुठून? दुसऱ्याच्या मळ्यात निंदायला गेलेल्या आपल्या पोरीला तर तेवढंही कुणी विचारत नाही. तिच्या बापापुढं नोटा टाकतात, नाहीतर कोयता दाखवतात.

झाडाशी भांडण नाही. १९५६ साली नागपुरात ज्यांनी विष्णू सोडला, त्यांच्याही दारात तुळस आहे. असू द्या. पडसं झालं की पानं तोडा, आलं-मिरं घालून काढा करा. फक्त अंतरपाट धरायला बोलावलं तर जाऊ नका, आणि का येत नाही ते तिथंच, बायांसमोर, सांगा.

आता प्रश्न विचारा. बायांनी आधी.