‘लिंक नाहीं’ म्हणजे काय ?

यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुका हा कापसाचा मुलूख. तालुक्याला नांव केळापूरचें, कचेऱ्या मात्र पांढरकवड्यास. आणि नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ या दोन्ही गांवांवरून जातो. या तालुक्यांत काय, किंवा महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याहि तालुक्यांत काय, सामान्य मनुष्याचें काम आज दोन शब्दांपाशीं अडतें. बँकेंत पेन्शन काढावयास गेलेला वृद्ध, सातबाराचा उतारा मागणारा शेतकरी, महाविद्यालयाचा अर्ज भरणारी मुलगी, स्वस्त धान्याच्या दुकानीं यंत्रावर अंगठा टेकून उभी राहिलेली मजूर बाई, या साऱ्यांस एकच उत्तर मिळतें: “लिंक नाहीं.” पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ या वाक्यानें जें कार्य साधत असे, तेंच आज हे दोन शब्द साधतात.

ऐकणारा मुकाट्यानें परत फिरतो. लिंक ही पावसासारखी दैवाधीन वस्तु आहे, आली तर आली, अशी त्याची समजूत झालेली असते. ही समजूत खरी नव्हे. लिंक म्हणजे एका यंत्रापासून शेजारच्या यंत्रापर्यंतची जोडणी. ती मनुष्यानें घातलेली असते, ती कोठें व कशानें तुटली हें शोधून काढतां येतें, आणि तें विचारण्याचा अधिकार परत फिरणाऱ्या प्रत्येकास आहे. ही जोडणी घडते कशी, एवढेंच प्रस्तुत भाषणांत पाहावयाचें आहे.

संगणकांच्या परस्पर संभाषणाचें काम शास्त्रज्ञांनीं मजल्यामजल्यांनीं वाटून दिलेलें आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आराखड्यांत असे सात मजले, म्हणजे स्तर, आहेत. पत्र, चित्र, पैशाचा हिशेब हीं वरच्या मजल्यावरचीं कामें सर्वांच्या दृष्टीस पडतात. सर्वांत खालचा तो भौतिक स्तर, आणि त्याच्या लगत वरचा तो डेटा लिंक स्तर. वाड्याच्या दर्शनी महिरपीचें कौतुक सर्वजण करतात, जोत्याकडे कोणी पाहत नाहीं. पण जोतें खचलें म्हणजे महिरप उभी राहत नाहीं. हे दोन स्तर या वाड्याचें जोतें होत.

भौतिक स्तराचें काम एका वाक्यांत सांगतां येतें: या टोंकाला केलेली खूण त्या टोंकाला ओळखूं यावी. विल्यम ओशॉनेसी यानें १८३९ सालीं कलकत्त्याजवळ कित्येक मैल लांबीची तार ताणून विजेची खूण तिच्यांतून पलीकडे पोंचते हें दाखवून दिलें, आणि १८५१ सालीं कलकत्ता ते डायमंड हार्बर हा तारेचा मार्ग सुरू झाला. पुढें दीड शतकाहून अधिक काळ सुखदुःखाची वार्ता कट्ट-कडकट्ट करीत घरोघर येत राहिली. जुलै २०१३ मध्यें सरकारी तारसेवा बंद झाली. तिचें तत्त्व मात्र बंद झालेलें नाहीं. तेथें बिंदु व रेघ अशा दोन खुणा होत्या, येथें शून्य व एक अशा दोन आहेत. तारबाबूचा सराईत हात मिनिटास पंचवीस-तीस शब्द पाठवी. आजची अगदीं साधी केबल सेकंदास दहा कोटी खुणा पाठविते. फरक आहे तो वेगाचा.

ही खूण नेण्यास आज तीन वाटा आहेत: तांबें, हवा आणि कांच. कचेरींतील संगणकाची केबल सोलून पाहिली तर आंत आठ तारा, दोन-दोन एकमेकींभोंवतीं पिळलेल्या, अशा चार जोड्या दिसतात. हा पीळ शोभेचा नव्हे. शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेचा उपसर्ग जोडींतील दोन्ही तारांना जवळजवळ सारखाच पोंचतो; घेणारें यंत्र त्या दोहोंतील फरक तेवढा वाचतें; त्यामुळें दोघींना सारखा लागलेला डाग वजाबाकींत निघून जातो. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याची १८८१ सालची ही युक्ति आजहि वापरांत आहे. मात्र अशा केबलीची मर्यादा १०० मीटर. तेवढ्यानें कचेरीचें आवार संपतें, गांव संपत नाहीं.

गांवापासून तालुक्यापर्यंतचा पल्ला कांचेचा तंतु गांठतो. पुरेशी शुद्ध कांच करतां आली तर तिच्यांतून संदेशाचा प्रकाश दूरवर नेतां येईल, असें चार्ल्स काओ यानें १९६६ सालीं प्रतिपादिलें. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग या कारखान्यानें तसा तंतु ओढून दाखविला. आणि काओ यास २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हा तंतु एक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा जाड असतो, आणि ज्या गाभ्यांतून प्रकाश धांवतो तो तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि किंचित् बारीक. एवढ्याशा वाटेंत शिरलेला प्रकाश भिंतींवर पुनःपुन्हां परावर्तन पावत पुढें जातो, आणि उत्तम तंतूंत १५ किलोमीटर गेल्यावरहि निम्मा शिल्लक राहतो.

तथापि कांच ती कांचच. तंतु तुटला कीं प्रकाश थांबतो. तुटला नाहीं, नुसता फार वांकला, तरी प्रकाश बाहेर सांडूं लागतो. कापसाची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगते. जमिनीच्या या हालचालीचा ताण पुरलेल्या केबलीस सोसावा लागतो. त्यांत रस्ता रुंद करणारें किंवा नळाचा चर खणणारें यंत्र आलें म्हणजे एका घावांत साऱ्या गांवांची वाचा जाते. पण ही तूट शोधण्यास सारा रस्ता उकरावा लागत नाहीं. कांचेंत प्रकाश सेकंदास सुमारें दोन लाख किलोमीटर धांवतो. एका टोंकाकडून प्रकाशाची ठिणगी सोडावी, तुटलेल्या जागेवरून उलटून येणारा तिचा पडसाद किती वेळानें आला तें मोजावें. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागानें आला, तर जाऊन-येऊन २० किलोमीटर झाले. म्हणजे तूट १० किलोमीटरांवर आहे. हें गणित करणारें यंत्र दुरुस्ती पथकांच्या नेहमींच्या वापरांतलें आहे. ‘केबल कोठें तुटली कळत नाहीं’ हें उत्तर म्हणूनच फार दिवस टिकणारें नव्हे.

खूण पोंचली म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. शून्य-एकांची अखंड धार आली, तर निरोप कोठें सुरू झाला व कोठें संपला ? तो कोणासाठीं आहे ? वाटेंत बिघडला तर नाहीं ना ? आणि एका वाटेवर बोलणारे अनेक असतील तर बोलण्याची पाळी कोणाची ? हे चार प्रश्न सोडविणें हें दुसऱ्या, म्हणजे डेटा लिंक स्तराचें काम. जुन्या काळच्या डाकेच्या हरकाऱ्याशीं या स्तराचें नातें आहे. हरकारा थैली घेऊन आपल्या टप्प्यापर्यंत धांवे आणि पुढच्या हरकाऱ्याच्या हातीं देई. थैलींतील पत्र शेवटीं कोणत्या शहरीं जावयाचें, याची उठाठेव त्याच्याकडे नसे. थैली शाबूत आहे आणि ती योग्य हातीं पडली, एवढीच त्याची जबाबदारी. डेटा लिंक स्तरहि शेजाऱ्यापासून शेजाऱ्यापर्यंतच पाहतो.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, हा स्तर निरोप पाकिटांत घालतो. इथरनेट नांवाच्या प्रचलित पद्धतींत एका पाकिटांत १५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो. कीर्तनकार आख्यानापूर्वी टाळमृदंग एका लयींत जुळवून घेतो, त्याप्रमाणें पाकिटापूर्वी एक-शून्य-एक-शून्य अशी ठरीव मालिका येते, आणि तीवरून घेणारें यंत्र आपली लय जुळवितें. मग ज्यास द्यावयाचें त्याचा क्रमांक आणि देणाराचा क्रमांक येतो. प्रत्येक जोडणीयंत्रास कारखान्यांतच ४८ खुणांचा एक क्रमांक दिलेला असतो; त्याचा पहिला निम्मा भाग कारखानदाराचा, दुसरा त्या नगाचा. हें झालें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर प्राथमिक शाळेंत शिकलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचें आहे. तो नवाचा ताळा होय. ५८२१३ ही संख्या पाठवावयाची आहे असें समजा. अंकांची बेरीज १९, तिची १०, आणि शेवटीं १. हा १ संख्येबरोबरच पाठविला. वाटेंत १ चे ७ होऊन ५८२७३ पोंचले, तर तेथें ताळा ७ येईल आणि चूक उघडकीस येईल. परंतु अंकांची अदलाबदल होऊन ५२८१३ पोंचले तर ताळा १ च येतो, आणि चूक लपून राहते. म्हणून संगणकांत याहून कडक ताळा लागतो. सबंध पाकीट ही एक प्रचंड संख्या मानून तिला एका ठरीव भाजकानें भागावयाचें आणि जी बाकी उरेल ती पाकिटाच्या शेवटीं जोडावयाची, अशी ही पद्धति वेस्ली पीटरसन यानें १९६१ सालीं मांडली. इथरनेटची ही बाकी ३२ खुणांची असते, आणि सलग ३२ खुणांपर्यंत कोठेंहि बिघाड झाला तरी ती तो निश्चितपणें पकडते. ताळा चुकलेलें पाकीट टाकून देण्यांत येतें. बिघडलेला निरोप खरा म्हणून पोंचविण्यापेक्षां न पोंचविलेला बरा, हा या स्तराचा नियम आहे.

चौथा प्रश्न पाळीचा. चावडीवर दहाजण एकदम बोलूं लागले तर कोणाचेंच ऐकूं येत नाहीं. हवाई बेटांवरील विद्यापीठाचे संगणक १९७१ सालीं रेडिओच्या लहरींनीं जोडण्यांत आले, तेव्हां नॉर्मन अब्रॅमसन व त्याचे सहकारी यांच्यापुढें हीच अडचण होती. त्यांनीं तोडगा काढला कीं, बोलावयाचें तेव्हां बोलावें. पोंच आली नाहीं तर टक्कर झाली असें समजून, थोडा वेळ थांबून, पुन्हां बोलावें. १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यानें इथरनेट आंखलें, त्यांत सभ्यतेची आणखी भर पडली: आधीं ऐकावें, कोणी बोलत नसेल तरच बोलावें, तरीहि दोघे एकदम बोलले तर दोघांनींहि तत्काळ थांबावें, आणि प्रत्येकानें वेगवेगळा, चिठ्ठी टाकून ठरविल्यासारखा वेळ थांबून पुन्हां यत्न करावा. आज कचेरींतील प्रत्येक संगणकास स्विच नांवाच्या यंत्रापर्यंत स्वतंत्र केबल मिळते, म्हणून तेथील टक्कर संपली आहे. हवेंतून बोलणाऱ्या वायफायला मात्र आजहि आधीं ऐकूनच बोलावें लागतें.

ऑक्टोबर २०११ मध्यें केंद्र सरकारनें ग्रामपंचायतींपर्यंत कांचेचा तंतु नेण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव पडलें. तिच्या पहिल्या टप्प्यांत योजलेली रचना या दोन्ही स्तरांचा उत्तम वस्तुपाठ आहे. तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून एक तंतु निघतो. वाटेंत वीज न लागणाऱ्या कांचेच्या विभाजकांनीं त्याच्या शाखा होतात. आणि प्रत्येक शाखेच्या टोंकाला एकेका ग्रामपंचायतीची पेटी असते. तालुक्याकडून येणारा प्रकाश सर्व गांवांस पोंचतो, आणि प्रत्येक पेटी आपल्या नांवाचें पाकीट तेवढें उचलते. उलट दिशेचा प्रकाश वेगळ्या रंगाचा. परंतु तेथें सर्व गांवांची वाट एक होते. म्हणून तालुक्याचें यंत्र प्रत्येक पेटीस बोलण्याची वेळ नेमून देतें, सेकंदाच्या अत्यंत लहान भागांत मोजलेली. पेटीनें आपल्या वेळेंतच दिवा लावावयाचा आणि लगेच मालवावयाचा. एखादी पेटी बिघडून तिचा दिवा लागलेलाच राहिला, तर त्या शाखेवरील साऱ्या गांवांचें बोलणें बंद पडतें. त्या गांवांनीं कांहींच चूक केलेली नसते, तंतुहि शाबूत असतो. तरी कर्मचारी म्हणतो, लिंक नाहीं.

‘लिंक नाहीं’ या उत्तरापुढें सुबुद्ध नागरिकानें निदान तीन प्रश्न ठेवावे. पेटीस वीज आहे काय ? तंतूंतून प्रकाश येतो आहे काय ? बहुतेक पेट्यांवर प्रकाश न आल्यास तांबडा दिवा लागतो. तो पाहण्यास अभियंता लागत नाहीं. आणि पेटीला तालुक्याकडून पाळी मिळाली आहे काय ? तेंहि दुसऱ्या दिव्यावरून कळतें. पहिल्याचें उत्तर ‘नाहीं’ आलें तर दोष विजेचा, दुसऱ्याचें आलें तर तंतूचा, तिसऱ्याचें आलें तर यंत्राचा किंवा त्याच्या नोंदणीचा. तिन्हींचें उत्तर ‘होय’ असेल, तर खालचे दोन्ही स्तर आपलें काम करीत आहेत, आणि खोळंबा दूरच्या कचेरीच्या संगणकांत शोधला पाहिजे. स्वस्त धान्याच्या दुकानांतील यंत्र बहुधा मोबाइलच्या लहरींवर चालतें. तेथें तंतूऐवजीं हवा व टॉवर यांविषयीं हेच प्रश्न विचारावे. शिवाय जोडणी नसल्यामुळें किंवा अंगठा न जुळल्यामुळें कोणाहि लाभार्थ्यास धान्य नाकारूं नये, अशी केंद्र सरकारची ऑक्टोबर २०१७ ची सूचना आहे. लिंक नाहीं म्हणून रिकामी पिशवी घेऊन परतणाऱ्या बाईस ही गोष्ट ठाऊक असणें अगत्याचें आहे.

ऑगस्ट २०२३ मध्यें मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेंत तंतूची मांडणी वलयाकार करण्याचें योजिलें आहे, म्हणजे एका बाजूस तूट झाली तरी निरोप दुसऱ्या बाजूनें जाईल. ही सोय उत्तमच. पण वलयहि दोनदां तुटूं शकतें, आणि पेटीची वीज गेली तर वलयाचा उपयोग नाहीं. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीनें एक साधी वही ठेवावी. लिंक कोणत्या दिवशीं, किती वाजतां गेली, कोणता दिवा लागला होता, कोणास कळविलें, आणि ती केव्हां परत आली, या चार गोष्टी तींत लिहाव्या. वर्षाअखेर ती वही ग्रामसभेंत वाचून दाखवावी. ज्या दोन शब्दांपुढें गांव आज निरुत्तर होतें, त्यांचा हिशेब मग गांवालाच मागतां येईल.