मावळे विकतचे, किल्ला आपला

(मंडळाच्या यंदाच्या एका मासिक सभेत केलेले हे भाषण संपादकांच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्याच्या ओघातले इंग्रजी शब्द तसेच ठेवले आहेत.)



अध्यक्षांनी मला ‘कॉपीराइट आणि आपण’ असा भारदस्त विषय दिला आहे. मी वकील नाही, पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला साधा माणूस आहे. त्यामुळे कायद्यावर व्याख्यान देण्यापेक्षा गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जे घडलं तेच सांगतो. मसालेभाताचा वास मलाही येतोय, तेव्हा फार ताणणार नाही.

आमची लेक बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर. गेली चार वर्षं दर शनिवारी संध्याकाळी पाच-सहा मुलंमुली आमच्या बेसमेंटमध्ये जमतात. पिझ्झाचे खोके, चित्रविचित्र आकाराचे फासे आणि आरडाओरडा. आम्हाला आधी वाटलं, पत्ते कुटतायत. मग कळलं, याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली इथे अमेरिकेत बाजारात आला, म्हणजे त्याने आता पन्नाशी ओलांडली आहे. यात एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे पात्रं. सूत्रधार म्हणतो, “नदीकाठी आलात, होडी नाही, आता काय करता?” पात्रांनी ठरवायचं, आणि जमलं की नाही ते फासे सांगणार. अशी एकच गोष्ट वर्षानुवर्षं चालते, तिला कँपेन म्हणतात.

आमची लेक सूत्रधार. आता या सूत्रधारांसाठी खास सॉफ्टवेअर मिळतं. गावं, माणसं, राक्षस, नकाशे सगळं एकमेकांना जोडून ठेवता येतं. प्रकाशकांची तयार साहसंही त्यातच विकत मिळतात. लेकीने बेबीसिटिंगच्या पैशांतून दोन घेतली आणि त्यात स्वतःची भर घालायला लागली.

भर कसली? तिचे आजोबा पुण्यात असतात. वय ८३. दर रविवारी फोन. त्या फोनवर त्यांनी तिला मुंज्याच्या, वेताळाच्या, हडळीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्या सगळ्या कँपेनमध्ये जाऊन बसल्या. इथली गोरी मुलं मुंज्याला घाबरून बेसमेंटमध्ये किंचाळत होती! हे ऐकून आजोबा इतके खूश झाले की म्हणाले, “बाळ, एवढं लिहिलंयस तर मला छापून पाठव. स्क्रीनवर मला दिसत नाही. आणि अक्षर मोठं ठेव.”

लेकीने एक्स्पोर्टचं बटण दाबलं. चार वर्षांचं काम, आणि बाहेर आली ३१ पानं. विकतचा मजकूर होता तिथे नुसतं शीर्षक आणि खाली कोरी जागा. ते एक वेळ समजू शकतो. पण विकतच्या प्रकरणांच्या आत तिने स्वतः टाइप केलेलंही गेलं होतं. मुंज्यासुद्धा गायब, कारण तो विकतच्या देवळासमोरच्या वडावर राहत होता!

पोरगी रडवेली झाली. माझ्यातला प्रोग्रॅमर जागा झाला. म्हटलं, “थांब, रात्रीत एक स्क्रिप्ट लिहून सगळं बाहेर काढतो.” ती म्हणाली, “बाबा, पण ती चोरी नाही का?” मंडळी, आपलीच शिकवण अशी अवचित परत आली की बोलती बंद होते. वीस वर्षं मी डोळे मिटून ‘आय ॲग्री’ दाबत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा लायसन्स वाचायला बसलो.

त्यातून मला कळलेलं थोडक्यात सांगतो.

छापील पुस्तक विकत घेतलं की ती प्रत आपली. वाचा, कुणाला द्या, रद्दीत विका. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने हे १९०८ सालीच मान्य केलं आहे. डिजिटल मालाचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा आपण वस्तू घेत नाही, वापरण्याची परवानगी घेतो. गाण्यांच्या फायली जुन्या पुस्तकांसारख्या पुन्हा विकता येतील का, यावर खटला झाला, आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. शिवाय १९९८ च्या कायद्याप्रमाणे कंपनीने मजकुराला लावलेलं डिजिटल कुलूप तोडणं हाच वेगळा गुन्हा होऊ शकतो. मग आजोबांसाठी एकच प्रत काढली तर ती ‘फेअर यूज’मध्ये बसते का? त्याच्या चार कसोट्या आहेत, पण शेवटी ठरवणार कोर्ट. म्हणजे माझी ती एका रात्रीची स्क्रिप्ट बरीच महाग पडली असती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. या खेळांचे कितीतरी प्रकाशक म्हणजे दोन-तीन माणसं. एक लिहिणारा, एक चित्रं काढणारा. पुस्तकाची फाइल एकदा इंटरनेटवर फुकट फिरायला लागली की त्यांचं दुकान बसलं. मोठ्यांनाही ही भीती असतेच. २००९ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कंपनीने पायरसीचं कारण देऊन आपल्या पीडीएफची विक्रीच थांबवली होती, ती २०१३ मध्ये परत सुरू केली. तेव्हा एक्स्पोर्टला कुलूप लावणाऱ्यांना मी खलनायक म्हणणार नाही. माझा राग एवढाच, की दुसऱ्याच्या मालाला लावलेल्या कुलपात माझ्या लेकीचा मालही अडकला.

आपण लहानपणी दिवाळीत किल्ला करायचो, आठवतंय? माती आपली, विटा आपल्या, वर अळीव पेरायचे. मावळे आणि महाराज मात्र बाजारातून विकत. आता मावळे विकतचे म्हणून किल्ला काही कुंभाराचा होत नाही. आणि किल्ला आपला म्हणून मावळ्यांचे साचे काढून गल्लीत विकायचे, हेही बरोबर नाही. कँपेनचं अगदी तसंच आहे. फरक एवढाच, की इथे मावळेवाल्याच्या अंगणात आपण किल्ला बांधतो, आणि फाटकाची किल्ली त्याच्याकडे.

मग आम्ही काय केलं? चार वीकएंड बसून मजकुराचे तीन ढीग केले.

पहिला ढीग तिच्या स्वतःच्या मजकुराचा. विकतच्या पानांच्या आत लिहिलेला भाग तिने स्क्रीनवर बघून पुन्हा टाइप केला. फक्त स्वतःची वाक्यं. कंटाळवाणं काम, पण मुंज्या सुटला.

दुसरा ढीग सगळ्यांसाठी खुला असलेल्या मजकुराचा. हे मला नवीन होतं. जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीने २००० सालापासून चालत आलेलं खुलं लायसन्स बदलण्याचा घाट घातला. खेळणाऱ्यांनी एवढा गदारोळ केला की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा एक मोठा संच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला करून टाकला. श्रेय द्या आणि खुशाल वापरा, छापा. त्यात गॉब्लिन आहे, ड्रॅगन आहे. पण बिहोल्डर नावाचा तो बहुनेत्री राक्षस कंपनीने स्वतःकडेच ठेवला आहे. लेकीने त्याला रजा दिली आणि जागी वेताळ बसवला. शेवटच्या पानावर श्रेयाची ओळ घातली.

तिसरा ढीग विकतच्या मजकुराचा. तो छापलाच नाही. तिथे तिने दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत काय घडलं ते सांगितलं. खेळाची पद्धत, युक्ती, कल्पना यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. आपल्यातल्या अकाउंटंट मंडळींना हे ऐकून गंमत वाटेल, की या मुद्द्यावरचा इथला सगळ्यात जुना, गाजलेला खटला एकोणिसाव्या शतकातला आहे आणि तो हिशेब ठेवण्याच्या पद्धतीवरच्या पुस्तकाचा होता! पुस्तक लेखकाचं, पद्धत सगळ्यांची.

तरी एक नकाशा चुकून राहिलाच. छपाईच्या दुकानातल्या मुलाने तो बघितला, कोपऱ्यातली प्रकाशकाची ओळ वाचली आणि छापायला नकार दिला. मी थोडा तापलो. पण फोटोकॉपीच्या एका मोठ्या साखळीला कोर्टाने १९९१ मध्ये याच कारणावरून दणका दिला होता, तेव्हापासून ही दुकानं जपून असतात. लेकीने घरी येऊन नकाशा हाताने काढला. विकतच्यापेक्षा बरा झाला, असं तिचा बाप म्हणतो.

एकूण ९६ पानं झाली, मोठ्या अक्षरात.

यातून मी शिकलो ते सांगतो. मुलं कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये काही लिहीत असतील, तर पहिल्याच दिवशी एक्स्पोर्टचं बटण दाबून बघा. काय बाहेर येतं, काय आत राहतं? स्वतःचं लिखाण विकतच्या मजकुराच्या आत न ठेवता वेगळ्या पानावर ठेवायला सांगा. महिन्यातून एकदा साध्या फाइलमध्ये उतरवून घ्या. विकतचा मजकूर उद्या बदलूही शकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये या खेळाच्या अधिकृत साइटवर, लोकांच्या पात्रांच्या पानांवरची जुन्या मंत्रांची वर्णनं बदलून नवी येतील असं जाहीर झालं होतं. ओरडा झाला म्हणून काही दिवसांत निर्णय फिरला. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच आहे, की नुसती परवानगी विकत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना तसं स्पष्ट सांगा.

आणि आता जरा आपल्याकडे बघू या. आपण गणपतीत नाटक बसवतो. संहितेची एक प्रत देशातून येते आणि बारा झेरॉक्स निघतात. लेखकाची परवानगी, मानधन? दिवाळी अंकाची कुणीतरी पाठवलेली पीडीएफ आपण व्हॉट्सॲपवर पन्नास जणांना ढकलतो. मीही ढकलली आहे. मराठी प्रकाशकही त्या दोन-तीन माणसांसारखाच असतो. माझ्या लेकीने चार वीकएंड खर्चून जे पाळलं, ते आपल्याला एका ईमेलने पाळता येईल. यंदाच्या नाटकापासून सुरुवात करू या, अशी माझी समितीला विनंती आहे.

पुस्तक पुण्याला पोचलं. आजोबांनी दोन दिवसांत वाचलं आणि रविवारी फोन आला. आम्ही सगळे स्पीकरभोवती. म्हणाले, “छान लिहिलंयस. पण मुंज्या पिंपळावर असतो. वडावर कसा बसवलास? पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर.”

दुरुस्ती झाली आहे. फाइल घरच्या कॉम्प्युटरवर आहे आणि ती उघडायला कुणाची परवानगी लागत नाही.

चला, मसालेभात निवतोय.