‘हे तुला कोणी सांगितले?’

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वसतिगृहाविषयी आपण बोलतो तेव्हा धान्य, गाद्या आणि फी यांविषयी बोलतो. ते सारे तुम्ही वर्षानुवर्षे पुरवत आला आहात. आज मी सहसा नजरेत न येणाऱ्या एका गरजेविषयी सांगणार आहे. मी निवृत्त ग्रंथपाल. दर शनिवारी दुपारी विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींबरोबर बसते.

गेल्या वर्षी डहाणू तालुक्यातली एक वारली मुलगी रडत माझ्याकडे आली. लग्नात धवलेरी जी गाणी म्हणते, त्यांवर तिने एम. ए.साठी लघुप्रबंध लिहिला होता. मार्गदर्शकांनी तो परत केला होता. शेरा होता, ‘उचललेला मजकूर’. मी वाचून पाहिला. सुरुवातीची वीस पाने खरोखरच इंटरनेटवरून जशीच्या तशी उतरवलेली होती.

मी विचारले, “हे तुला कोणी सांगितले, ते का नाही लिहिलेस?”

ती म्हणाली, “मॅडम, शाळेत गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण मार्क मिळायचे. इथं तोच गुन्हा कसा झाला?”

मी गप्प झाले. तिच्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. कोणी शिकवलेच नव्हते, तर तिला कळणार कुठून? आणि नियम तर कडक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातला दहा टक्क्यांहून अधिक मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळला, तर तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो. साठ टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द होते. मात्र अवतरणचिन्हांत घालून, मूळ लेखकाचे नाव देऊन घेतलेला मजकूर त्यात धरत नाहीत. म्हणजे नाव सांगणाऱ्याला भीती नाही.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. तिने ‘पालघर’ असा शब्द घालून जुनी पुस्तके शोधली होती. काहीच मिळाले नव्हते. मिळणार कसे? पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. त्याआधीचे सारे ‘ठाणे’ या नावाखाली आहे. ‘वारली’ हा शब्दही इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहितात. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये तो ‘व्ही’ने आहे, तर के. जे. सावे यांच्या १९४५ च्या पुस्तकात ‘डब्ल्यू’ने. दोन्ही घालून शोधल्यावर तिच्यापुढे खूप काही आले. मग ‘शोधगंगा’ उघडले. तिथे देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच. डी.चे प्रबंध फुकट वाचता येतात. मी मुलांना सांगते, आपल्या विषयाच्या जवळचा एक प्रबंध काढा आणि आधी शेवटची संदर्भसूची वाचा. एका सूचीतून पुढची दहा पुस्तके सापडतात.

मोबाईलवरच्या चॅटबॉटने तिला एका पुस्तकाचे नाव, लेखक, सालासकट दिले होते. आम्ही ग्रंथालयांच्या सूचींत धुंडाळले. तसे पुस्तक कुठेच नव्हते. तेव्हापासून आमचा नियम असा, की जे उघडून वाचले नाही, ते संदर्भसूचीत घालायचे नाही. आणि वाचतानाच वहीत लेखक, पुस्तक, साल, प्रकाशक, पान क्रमांक लिहायचा. नंतर शोधू म्हटले की सापडत नाही.

जुनी पुस्तके वाचतानाही सावध राहावे लागते. गॅझेटिअर इंग्रज सरकारच्या कारभारासाठी लिहिले गेले. त्यात आदिवासींविषयी पुष्कळ आहे, पण ते बाहेरच्या माणसाने पाहिलेले. कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी, हे विचारायला ती शिकली. दोन-तीन ठिकाणी तर “आमच्याकडे असं नाही” म्हणून तिने कारणासहित लिहिले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिच्या प्रबंधातली सगळ्यांत चांगली पाने गाण्यांची होती. ती कुठून मिळाली, याचा उल्लेखच नव्हता. मी विचारले. म्हणाली, “माझी आजीच धवलेरी आहे. पण ते काही पुस्तक नाही ना, मॅडम. तिचं नाव कसं घालायचं?”

पुस्तक लिहिणाऱ्याचे नाव द्यायचे आणि आयुष्यभर गाणी जपणाऱ्या आजीचे नको, असे कसे चालेल? मी तिला मुलाखतीची नोंद कशी करतात ते दाखवले: सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय, बोली, तारीख. आणि आधी परवानगी. ती सुट्टीत घरी गेली, आजीला विचारले, गाणी पुन्हा ऐकून लिहून घेतली. आजीने एक गाणे छापू नको म्हणून सांगितले. ते तिने वगळले.

तीन महिन्यांनी प्रबंध स्वीकारला गेला. संदर्भसूचीत सावे यांच्या पुस्तकाबरोबर आजीचेही नाव आहे. मुलीने ते पान गावी नेऊन दाखवले. आजीला वाचता येत नाही. तिने आपल्या नावावर बोट ठेवून घेतले, असे मुलगी सांगत होती.

बंधुभगिनींनो, आज वसतिगृहात अशी मुले आणखी आहेत आणि शनिवारची दुपार एकच. तुमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, कॉलेजात शिकणारी नातवंडे आहेत. महिन्यातून एक दुपार द्या. येताना मोठे ज्ञान आणायची गरज नाही. मुलाशेजारी बसा, त्याचे लिखाण वाचा आणि प्रेमाने एवढेच विचारा, “हे तुला कोणी सांगितले?”